खटपट्या पोर आणि दोन खोल्यांचं घर: रोजची घडी कशी बसवायची

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एरवीची शिस्तप्रिय घरंही बदलतात. चपला रांगेत नाहीत म्हणून आवाज चढवणारी माणसं मुलांच्या किल्ल्यासाठी जिन्याखाली विटा, दगडगोटे, लाल माती आणि भिजलेलं गोणपाट मुकाट्याने चालवून घेतात. पोरं कोपरापर्यंत चिखलात असतात, अळीव पेरून ते कधी उगवतं म्हणून तासातासाला वाकून बघतात, तळ्यातलं पाणी मुरतं म्हणून प्लास्टिकचा कागद शोधत घरभर फिरतात. याने मार्क किती वाढतील, असं कोणी विचारत नाही. वरच्या मजल्यावरचे काका उलट दोन मिनिटं थांबून बुरुज कलतोय हे दाखवून जातात.

किल्ला चालतो याची कारणं साधी आहेत. जागा ठरलेली असते. सामान जवळपास फुकट असतं. धाकटे-थोरले एकत्र राबतात, बघायला लोक येतात आणि तो कधी मोडायचा हेही सगळ्यांना माहीत असतं. पुढची पद्धत तिथूनच उचलली आहे. साधारण चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ती चालते. जे मूल सतत काहीतरी उघडतं, चिकटवतं, गोळा करतं आणि भाजी फोडणीला टाकतानाच नेमके प्रश्न विचारतं, त्याच्या घरासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. अशा मुलासाठी आपण सहसा दोन गोष्टी करतो. क्लास लावतो, नाहीतर महागडं किट आणतो. दोन्ही वाईट नाहीत, पण त्याने घर बदलत नाही. मुलाची खटपट मरते ती बहुतेक वेळा आवराआवरीत आणि घाईत. अर्धवट राहिलेली वस्तू सकाळी केरात गेली, असं चार-पाच वेळा झालं की मूल मोठं काही सुरूच करत नाही.

पहिली पायरी: एक फळी

स्वतंत्र खोली सोडा, स्वतंत्र टेबलही बहुतेक घरांत नसतं. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्लायवूडची एक फळी. साधारण दीड फूट बाय दोन फूट. सुताराकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, तो कडा घासूनही देतो. कडेने लाकडाची बोटभर उंचीची पट्टी मारून घ्या, म्हणजे मणी आणि स्क्रू घरंगळत नाहीत. फळी पलंगाखाली किंवा दिवाणाखाली सरकते ना, हे आधी मोजून बघा, कारण सगळा खेळ त्यावरच आहे.

नियम एकच. फळीवर जे आहे त्याला घरातलं कोणीही हात लावायचा नाही, आणि फळीबाहेर जे आहे ते झाडूत गेलं तर तक्रार करायची नाही. दोन्ही बाजू तितक्याच काटेकोरपणे पाळा. जेवायची वेळ झाली की फळी जशीच्या तशी आत सरकते, गोंद वाळत राहतो, उद्या तिथूनच पुढे सुरू. केर काढायला मावशी येत असतील, तर हा नियम त्यांना मुलानेच सांगावा. आपण सांगितला तर ती मालकीणबाईंची सूचना होते. मुलाने "मावशी, हे माझं काम चालू आहे, एवढं राहू द्याल का?" असं विचारलं, तर मावशी ते जपतात. शिवाय आपल्या कामामुळे दुसऱ्याचं काम वाढतं हे मुलाला कळतं.

पाण्याचं आणि मातीचं काम मात्र फळीवर नको. त्यासाठी मोरी, गॅलरी किंवा गच्ची. खाली अंथरायला जुना फ्लेक्स बॅनर मिळवा. तो पाणी पीत नाही, फाटत नाही आणि नळाखाली धुता येतो. वर्तमानपत्र अंथरलं की ते भिजून फरशीला चिकटतं आणि ते खरवडायचं काम आपल्यालाच लागतं. बाबांचा जुना शर्ट उलटा घातला, म्हणजे बटणं पाठीवर, की बाह्या दुमडून उत्तम एप्रन होतो.

दुसरी पायरी: भंगारपेटी आणि खरी हत्यारं

एक खोकं. एकच. त्यात पुठ्ठे, बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, सुतळी, रिकाम्या रिफिली, कापडाचे तुकडे, लग्नपत्रिका, बिघडलेल्या खेळण्यातली चाकं. पेटी भरली की नवीन काही आत जाण्याआधी जुनं बाहेर यायला हवं, आणि काय काढायचं ते मूल ठरवेल. हा नियम नसेल तर दोन महिन्यांत माळा भरतो आणि मग एका रविवारी आपलं डोकं फिरून सगळंच रद्दीवाल्याकडे जातं.

हत्यारं मात्र खरी द्या, लहान मापाची. प्लास्टिकची कात्री पुठ्ठा कापत नाही. मूल जास्त जोर लावतं आणि ती सटकते. धार असलेली छोटी कात्री, एक पक्कड, एक चपट्या आणि एक फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, हलकी हातोडी, पॉलिश पेपर, मोजायची टेप. कटर पहिली काही वर्षं मोठ्या माणसाच्याच हातात राहील. पुठ्ठ्यावर रेघ मुलाने मारायची, कापायचं आपण. हत्यारांचा डबा वेगळा ठेवा आणि रात्री मोजून बंद करा.

चिकटवायला घरची खळ पुष्कळ कामं करते. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मग वाटीभर पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहायचं. पारदर्शक होऊ लागली की उतरवायची, गार करायची. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात घालू नका. थोडी थोडी करा, फ्रिजमध्ये ठेवा, वास बदलला की टाकून द्या. पतंग, आकाशकंदील, पुठ्ठ्याची घरं, कागदाचे मुखवटे यांना ती पुरते. लाकडाला फेविकॉल आणि प्लास्टिकला चिकटपट्टी लागेल.

टाकाऊपासून खेळणी म्हटलं की पुण्याचे अरविंद गुप्ता आठवतातच. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी करत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेला. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांची कृती फुकट आहे, मराठीतही. कृती बघून करण्यात काही कमीपणा नाही. पहिलं खेळणं बघून बनतं, दुसऱ्यात मूल स्वतःचं काहीतरी घुसडतं.

उघडायचं काय, कसं

खटपट्या मुलाला वस्तू उघडायची असतेच. आपण नाही म्हटलं की ती आपल्या पाठीमागे उघडली जाते. म्हणून उघडायला आपणच काहीतरी द्यायचं. सुरुवातीला बंद पडलेलं सेलवरचं भिंतीवरचं घड्याळ यासारखी दुसरी वस्तू नाही. ते पुन्हा चालू व्हावं अशी कोणाची अपेक्षा नसते.

सेल आधी काढा. काच काढली की काटे सरळ वर ओढून निघतात. मागची काळी डबी एका नटने किंवा खाचांनी बसलेली असते. ती सोडवल्यावर तिचं झाकण चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचलायचं. खाली पांढरा कागद अंथरलेला हवा आणि शेजारी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. पहिला निघालेला भाग पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात. हा ट्रे म्हणजे परत जोडताना लागणारा नकाशाच. प्रत्येक थर उचलण्याआधी फोनवर एक फोटो.

आत केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसेल, प्लास्टिकची चार-पाच दातेरी चाकं आणि एक इवलंसं चांदीसारखं नळकांडं. त्या नळकांड्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, घड्याळ चालू असताना तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्या कंपनांवरून सर्किट सेकंदाला एक ठोका देतं आणि एक बारका चुंबक अर्धा फेरा फिरतो. हे सगळं समजावत बसू नका. एकच प्रश्न विचारा: यातलं सगळ्यात जोरात फिरणारं चाक कोणतं आणि सगळ्यात सावकाश कोणतं? मूल बोटाने एक चाक फिरवतं, बाकीची वळताना बघतं, मग दाते मोजायला लागतं. सेकंदकाट्याचे साठ फेरे म्हणजे मिनिटकाट्याचा एक, मिनिटकाट्याचे बारा म्हणजे तासकाट्याचा एक. हे त्याला पाठ असतं, पण ते दात्यांमध्ये कोरलेलं आहे हे त्या दिवशी दिसतं. बारका चुंबक मात्र सापडताक्षणी मोठ्यांनी ताब्यात घ्यायचा, त्याचं कारण पुढे येईल.

घड्याळानंतर टिकटिक करणारं पेन, टॉर्च, जुनं कुलूप, सायकलची घंटा, चावीची खेळणी. मायक्रोवेव्ह, जुना पेटीसारखा टीव्ही आणि इन्व्हर्टर कधीही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यांच्यात धक्का बसण्याइतकी वीज साठलेली राहू शकते. मोबाइलची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते. ट्यूबलाइट आणि जुन्या सीएफएल दिव्यांत पारा असतो. इस्त्री, मिक्सर अशी भिंतीच्या विजेवर चालणारी वस्तू उघडायला द्यायचीच असेल, तर ती कायमची बाद झालेली हवी आणि तिची वायर आधी तुम्ही कापून टाकलेली हवी.

विजेचे प्रयोग दोन पेन्सिल सेलवरच. तीन व्होल्ट होतात, त्यावर पांढरा किंवा निळा एलईडी पेटतो. लांब पाय धन टोकाला. लाल किंवा पिवळ्याला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, तो थेट जोडला तर लवकर जातो, म्हणून सुरुवात पांढऱ्याने करा. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडायची नाहीत, तार तापून बोट भाजतं.

तिसरी पायरी: प्रश्नांचं काय करायचं

सगळ्या प्रश्नांना सारखं उत्तर देता येत नाही. मनातल्या मनात चार ढीग करा. काही प्रश्न घरातच तपासून बघता येतात: पोळी का फुगते? काही पुस्तकात किंवा माहीतगार माणसाकडे शोधावे लागतात: पाल भिंतीवरून पडत का नाही? काहींना ठाम उत्तर नसतं: आबा मेल्यावर कुठे गेले? आणि काही प्रश्न झोप लांबवायला असतात. चौथ्या ढिगाला "उद्या वहीत लिही" एवढंच. तिसऱ्याला आपल्याला जे वाटतं ते सांगायचं, आणि वेगळं वाटणारी माणसंही असतात हे सांगायचं. दुसऱ्यासाठी मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे. बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही फुकट वाचता येतात. मूल मराठी वाचत असेल तर त्या अंकांत ते हरवून जातं.

वही म्हणजे खरोखर एक वही, फ्रिजला किंवा दाराच्या कडीला सुतळीने टांगलेली, पेन्सिलसह. स्वयंपाकाच्या गडबडीत आलेला प्रश्न तिच्यात जातो. लिहिता येत नसेल तर मूल चित्र काढेल. रविवारी चहाच्या वेळी त्यातला एक प्रश्न मुलाने निवडायचा, बाकीचे राहू द्यायचे. बरेच प्रश्न आठवडाभरात त्याला स्वतःलाच नकोसे होतात, जो टिकतो तो खरा. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगायचे, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून खाली सही करून पाठवतो. मुलाला प्रश्न लिहावा लागला की तो नीट होतो, हा त्यातला भाग मला फार आवडतो.

"तुला काय वाटतं?" हे उलट विचारणं आजकाल सगळे सुचवतात. एकदा विचारा, छान आहे. दर वेळी विचारलंत तर आई टाळतेय हे मुलाला बरोबर कळतं. विचारल्यावर लगेच काहीतरी बघायला जायचं असतं. पोळीचंच घ्या. "आत हवा जाते" असं मूल म्हणेल. मग लाटलेल्या पोळीला काट्याने भोकं पाडून तव्यावर टाका. ती फुगत नाही. हवा जायला तर आता जास्त वाटा आहेत! इथे गप्प राहिलात तर वाफ कोंडण्याचा विचार त्याचं तेच करतं. जळालेली एखादी पोळी ही या शिक्षणाची फी समजायची.

पहिल्या ढिगातला एक प्रश्न जवळून बघू, कारण तो प्रत्येक मराठी घरात येतो. शर्टावर आमटीचा डाग पडतो, धुताना लाल होतो.

"आजी, तू साबण लावलास आणि रक्त आलं शर्टाला!"

"रक्त कुठलं! हळदीचं तसंच असतं. साबण लागला की लाल होते."

"आणि लिंबू लागलं की?"

"ते काही मी बघितलं नाही बाई."

या शेवटच्या वाक्यासारखं दुसरं आमंत्रण नाही. अर्धा चमचा हळद तीन चमचे पाण्यात कालवा, कोऱ्या जाड कागदावर फासा, सावलीत वाळवा. पट्ट्या कापा. आता कापसाच्या बोळ्याने एकीवर धुण्याच्या वडीच्या साबणाचं पाणी, दुसरीवर लिंबाचा रस, तिसरीवर ताक, चौथीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी, पाचवीवर साधं पाणी. वडीच्या साबणाने पट्टी लालभडक होते. सोड्याने जेमतेम. लाल झालेल्या जागी लिंबू लावलं की ती पुन्हा पिवळी. मूल मग घरातला प्रत्येक साबण आणतं आणि इथे गंमत होते: काही हँडवॉश आणि बॉडीवॉश पट्टीला लाल करत नाहीत. साबण असून का नाही? कारण हळद अल्कधर्मी पदार्थाने लाल होते आणि ते द्रव तितके अल्कधर्मी नसतात. पारंपरिक कुंकवाचा लाल रंगही हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची प्रक्रिया करूनच येतो, हे सांगायला आजीच हवी. उरलेली एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून गॅलरीत उन्हात ठेवा. उघडा भाग फिका पडतो, म्हणूनच हळदीचा डाग उन्हात वाळवावा म्हणतात.

पट्ट्या संपल्या तर जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाका, गोकर्णाची निळी फुलंही चालतील. लिंबाने गोकर्णाचं पाणी जांभळं-गुलाबी होतं. फरक काय पडला ते मुलाने तारखेसह वहीत चिकटवायचं. चुना मात्र प्रयोगात नको, डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं.

चौथी पायरी: मोकळा वेळ

शाळा, ट्यूशन, कराटे, तबला. आठवड्यात पाऊण-एक तासाचा सलग रिकामा तुकडा उरतो का, हे एकदा कागदावर मांडून बघा. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत मूल सामान काढतं आणि भरतं, मधलं काम होत नाही. उरत नसेल तर एक क्लास कमी करा. कोणता, ते मुलाला विचारा.

त्या वेळात सुरुवातीला "कंटाळा आला" असं होणारच. लगेच धावून जाऊ नका, कंटाळ्यानंतरच पेटीकडे हात जातो. थांबवताना "आवर लवकर" ऐवजी दहा मिनिटं आधी "थांबायला बरी जागा शोध" म्हणा. मूल मग गोंद लावून संपवतं, सुट्टे भाग डबीत टाकतं, रडारड निम्म्याने कमी होते.

व्हिडिओचा नियम आमच्याकडे असा: आधी हाताने करून बघायचं, अडलं तर व्हिडिओ. उलटं केलं की व्हिडिओ एकामागून एक लागत जातात.

धोके, स्पष्ट शब्दांत

बटण सेल हा घरातला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. गाडीच्या चावीत, रिमोटमध्ये, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, स्वस्त लुकलुकत्या खेळण्यांत तो असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजू शकतं. संशय जरी आला तरी उलटी करवू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. गाडी नसेल तर १०८. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन पदरांना पकडून ते भोक पाडू शकतात, तिथेही वाट बघायची नाही. घड्याळातला तो बारका चुंबक म्हणून आधी उचलायचा. घरात रांगणारं भावंड असेल तर हे सगळं दुप्पट लागू.

भिंतीच्या प्लगमध्ये काहीही घालायचं नाही, याला अपवाद नाही, चर्चा नाही. फिनाइल, अ‍ॅसिड, ब्लीच यांचे प्रयोग नाहीत, एकमेकांत मिसळणं तर मुळीच नाही. गॅस पेटवायचा तर मोठं माणूस शेजारी. गरम गोंदाची बंदूक नऊ-दहा वर्षांनंतर, तीही कमी तापणारी. चुना किंवा साबण डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा. चुन्याच्या बाबतीत धुऊन झाल्यावर लगेच डोळ्यांचा डॉक्टर.

एवढे ठाम "नाही" ठरवून टाकले की बाकी शंभर गोष्टींना "बघ करून" म्हणणं सोपं जातं.

घरातली माणसं

आजी-आजोबांना पसारा खुपतो, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही, दिवसभर तो त्यांच्याच डोळ्यांसमोर असतो. पसाऱ्यावर वाद घालण्यापेक्षा त्यांच्या हातातलं कसब मुलाला मागायला लावा. वाती वळणं, गोधडीचा टाका, ठिपक्यांची रांगोळी, सुतळीची गाठ, सायकलचं पंक्चर. रांगोळीत तर पक्की भूमिती आहे: पाच ते पाच ठिपके मांडा, एक चतुर्थांश काढा आणि उरलेलं मुलाला आरशासारखं पूर्ण करायला सांगा. नात्यातला ताण अशाने जितका उतरतो तितका समजावण्याने उतरत नाही.

धाकट्याला थोरल्याची फळी हवी असते. त्याला स्वतःचं ताट द्या, त्यात कणकेचा गोळा, मोठी झाकणं, जाड दोरा. थोरल्याची फळी उंचावर. "ताई आहेस ना, दे त्याला" हे वाक्य इथे वापरू नका. काम मोडलं गेल्याचा राग खरा असतो.

पाहुण्यांपुढे "दाखव बरं काकांना" असं करायचं असेल तर आधी मुलाला विचारा. कौतुक करताना "किती हुशार!" पेक्षा वस्तूबद्दल बोला. "हे चाक आधी अडकत होतं ना, मग काय केलंस?" अशा प्रश्नाने मूल दहा मिनिटं बोलत राहतं. "हुशार" म्हटलं की फक्त हसून पळून जातं.

शाळेबद्दल थोडक्यात. प्रोजेक्ट मुलानेच करायचा, वाकडातिकडा झाला तरी. वर्गात सगळे थर्माकोलचे चकचकीत ज्वालामुखी आणत असतील तर मूल एकदा हिरमुसेल. बाईंना आधी भेटून "हे त्यानेच केलंय" एवढं सांगून ठेवा, बहुतेक बाईंना ते आवडतं. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसारख्या सहावी-नववीच्या परीक्षा ज्याला आवडतात त्याने जरूर द्याव्यात, पण तिसरीतल्या मुलाच्या खटपटीला त्या तयारीचं रूप देऊ नका. आणि मूल स्वतःच्या आवडत्या कामातही अजिबात टिकत नसेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर त्याला "फार चौकस आहे" म्हणून सोडून देऊ नका, बालरोगतज्ज्ञांशी बोला.

मोडायचं कधी

किल्ला तुळशीच्या लग्नाच्या आसपास निघतो, तशी प्रत्येक वस्तूची मुदत आधी ठरवा. फळीवर नवं काम सुरू करायचं तर जुनं एकतर पूर्ण, नाहीतर मोडायचं. मोडण्याआधी मुलासह एक फोटो, फोटोत पाटीवर तारीख. वर्षभरात तीनच वस्तू कपाटावर कायम राहतील, चौथी ठेवायची तर एक उतरेल. मोडणं हेही काम आहे आणि मुलाला ते आवडतं: स्क्रू डबीत, चाकं पेटीत, पुठ्ठा रद्दीत.

सुट्टीत, घराबाहेर

मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे. तिथे हात लावून बघण्यासारखं खूप आहे, पण एका दिवसात सगळं बघायचा अट्टहास नको. एक दालन, मग बागेतली यंत्रं, मग डबा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे आणि नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे दरवाजे सर्वांसाठी उघडतात, त्या वर्षीची वेळ आधी तपासून घ्या. जाताना प्रश्नवही बरोबर हवी. तिथले संशोधक मुलांच्या प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात, आणि वहीतला एखादा जुना प्रश्न विचारला की मुलाची कॉलर ताठ होते.

कुठेच जायचं नसेल तर शून्य सावलीचा दिवस गच्चीवरच मिळतो. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, पुण्याला १३-१४ मेच्या आसपास, मुंबईला त्यानंतर दोन दिवसांनी, नागपूरला मेच्या अखेरीकडे. दिल्लीतल्या मावसभावाला हे कधीच दिसत नाही, हे मुलांना विशेष आवडतं. सपाट जागी कागदावर एक सरळ नळकांडं उभं करा, स्टीलचा पेला चालेल. साडेबारा वाजण्याच्या बऱ्याच आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक पेन्सिलने टिपा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सगळं खाली कागदावरच आहे. ऐन क्षणी पेल्याभोवतीची सावली नाहीशी होते आणि मग दुसऱ्या बाजूला निघते. आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी टिपलंत तर फरक मोजता येतो. टोपी, पाणी आणि उघड्या पायांखाली चटई घ्या, मेमधली गच्ची भाजते. दुसरी संधी जुलै-ऑगस्टमध्ये येते, पण ती बहुतेक ढगांत जाते, म्हणून मेचीच तारीख पकडा.